शेठाणीचं घमेलं

कुंडल सोडून दोन फाटे पुढं गेलं की उसात बुडालेलं एक गाव लागतं. त्या गावात कुणाच्या गोठ्याची भिंत ढासळली, तर ती उभी करायला माणूस मिळता मिळत नाही. आणि सरकारदरबारी बघावं तर गावातला दर दुसरा माणूस नोंदणी झालेला बांधकाम कामगार! उसाचे फड असलेले कामगार, फौजेची पेन्शन घेणारे कामगार, सोसायटीचा चेअरमन कामगार, चेअरमनची सासूसुद्धा कामगार. एवढ्या कामगारांनी नुसती एकेक वीट हातात धरली असती, तरी गावाभोवती तटबंदी उठली असती. पण वीट धरायची कुणाला होती? धरायची होती ती पेटी.

ही पेटी बांधकाम कामगारांच्या सरकारी योजनेतली. आत पिवळं हेल्मेट, जाडजूड बूट, चकाकणारं जाकीट, टॉर्च, अशी मजुराच्या जिवाला जपणारी सामग्री. मागाहून भांड्यांचा संच. फुकट ते पौष्टिक, या न्यायानं गावानं त्यातलं काही वाया घालवलं नाही. बूट घालून उसाला पाणी पाजलं, जाकीट बुजगावण्याच्या अंगात चढवलं, आणि सांगलीच्या वाटेवर पोलीस दिसला की मोटरसायकलवाले ते पिवळं हेल्मेट डोक्यावर घेऊ लागले. पोलीसही म्हणायचे, गरीब मजूर दिसतोय, जाऊ द्या.

या सगळ्या मजुरांचा मालक एकच होता, धनाजी बिराप्पा लेंगरे. आणि त्या गावात खरीखुरी थापी हातात धरून पोट भरणारा गवंडीही तोच एकटा होता. हे त्रांगडं कसं झालं ते ऐकण्यासारखं आहे.

धनाजीचा बाप बिराप्पा जतकडून मेंढरं घेऊन या भागात यायचा आणि रिकाम्या रानात खतासाठी बसवायचा. एका साली तो इथंच राहिला. धनाजीनं मेंढरं सोडली, कुपवाडला शेडच्या कामांवर हाताखाली राहून गवंडीकाम शिकला आणि गावात येऊन स्वतःचा धंदा धरला. स्वतःचा म्हणजे एक जुना मिक्सर, चार फळ्या, एक मोटरसायकल आणि बायको मायाक्का. विटा भिजवायच्या तिनं, माल कालवायचा तिनं, घमेली वर चढवायची तिनं. धनाजी परांचीवर बसून "माल!" म्हणून ओरडायचा. हात मात्र चांगला होता, त्याची भिंत ओळंब्याला कधी चुकली नाही. पण चाळिशी उलटली, पोरगी कॉलेजात गेली, तरी गाव त्याला 'धन्या'च म्हणायचं, आणि हे त्याच्या मनाला फार लागायचं.

सुभेदार लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन आले, तेव्हा त्यांचा दुमजली बंगला धनाजीनंच बांधला. काम संपेपर्यंत त्यानं चहा पायरीवर बसून घेतला. बंगल्यात सोफा आला, झुंबर आलं, पण धन्याची जागा पायरीवरच राहिली. तीही त्यानं स्वतःच बांधलेली.

असं असताना एके दिवशी सुभेदारांचा पुतण्या वीरधवल त्याच्या दारात आला. वीरधवलचं चौकात ऑनलाईनचं दुकान होतं. सातबारा, पॅनकार्ड, लग्नपत्रिका, काय मागाल ते तिथं निघायचं.

"धनाजीराव, काकांनी बोलीवलंय," तो म्हणाला.

धनाजीराव! मागं दुसरं कुणी उभं आहे का, म्हणून धनाजीनं वळून बघितलं.

बंगल्यावर गेल्यावर सवयीनं तो पायरीवर टेकला, तर सुभेदार आतून ओरडले, "आरं, बाहेर काय बसलाय? आत या, सोफ्यावर बसा!" सुभेदारांची बायको शालूबाई कपबशीतून चहा घेऊन आल्या. धनाजी सोफ्यात इतका खोल गेला, की आता उठायचं कसं याचीच त्याला काळजी लागली.

वीरधवलनं मुद्दा मांडला. योजनेत नाव घालायचं तर वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. दाखला कंत्राटदारानं द्यायचा असतो. "आणि आपल्या गावात कंत्राटदार कोण? तर धनाजीशेठ!"

"पर सुभेदारांनी कवा विटंला हात लावलाय?" धनाजीला खरंच प्रश्न पडला होता.

"म्हंजे?" सुभेदार म्हणाले. "बंगला बांधताना मी रोज उन्हात हुबा राहून बगत हुतो का न्हाई? ऊन काय तुमालाच लागलं व्हय?"

माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मोठी शिडी लागत नाही. इथं 'शेठ' एवढा एक शब्द पुरला. वीरधवलनं सांगलीहून शिक्का करून आणला : 'धनाजी कन्स्ट्रक्शन, प्रोप्रायटर श्री. धनाजी बि. लेंगरे.' त्या शिक्क्यानं पहिल्यांदा सुभेदार मजूर झाले, मग शालूबाई, मग चेअरमन, आणि मग दारात रांग लागली. धनाजी ओसरीत खुर्ची टाकून बसायचा आणि शिक्का मारायचा. पैसे घ्यायचे ते वीरधवल घ्यायचा. धनाजीला फक्त 'शेठ' म्हटलं की पोट भरायचं. बघता बघता तो तीनशेच्या वर माणसांचा धनी झाला. एवढी माणसं तालुक्यात साखर कारखान्याखेरीज कुणाकडं नव्हती.

त्याच्या वाढदिवसाला गावानं चौकात फ्लेक्स लावला. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात साखळी (चेअरमनची, फोटोपुरती), आणि खाली ठळक अक्षरांत : 'युवा उद्योजक, बांधकाम सम्राट धनाजीशेठ'. सत्काराला सोनेरी काठाचं उपरणं मिळालं. ते उपरणं तेव्हापासून त्याच्या गळ्यातून उतरलं नाही. परांचीवर चढतानाही ते गळ्यात असायचं आणि मालाच्या शिंतोड्यांपासून त्याला जपताना थापी दोनदा हातातून सुटली होती.

मायाक्का हे सगळं बघत होती. एकदा कामावरून येऊन हातपाय धुताना म्हणाली, "आवं, माझं बी नाव घाला की त्यात. गावभर शिक्कं मारताय. मी तर खरंच राबतीया."

"येडी का काय? शेठची बायकू मजूर म्हणून लिवू? लोक काय म्हणतील?"

"घमेलं उचलताना बगत्यात की लोक. तवा काय म्हणत न्हाईत व्हय?"

"ते निराळं. ते घरचं काम."

मायाक्कानं तोंडावर पाणी मारलं आणि विषय तिथंच सोडला. शेठला उत्तर द्यायचं म्हणजे पुन्हा दिवसभराचा राग, आणि सकाळी माल कालवायचा होताच.

त्या साली पोरगी समीक्षा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि मिरजेत नर्सिंगला तिचा नंबर लागला. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. तिथं शिकलेली नर्स घरी बसत नाही, हे मेंढरामागं जाणाऱ्यालाही ठाऊक. पोरीनं तर आतापासून शेजारच्या आजीच्या गुडघ्याला पट्ट्या गुंडाळायला सुरुवात केली. फी ऐकली आणि धनाजीशेठ भिंतीला टेकून बसले. सम्राटाच्या घरात तेवढी रक्कम एकदम कधी आलीच नव्हती.

"कामगाराच्या पोरास्नी शिक्षणाला मदत मिळती की," समीक्षा म्हणाली. "सुभेदारांचा जयराजदादा पुण्यात त्याच्यावरच शिकतोय."

खरंच होतं. सुभेदारांचा मुलगा जयराज इंजिनिअरिंगला होता, आणि तो मजुराचा पोरगा रोज बुलेटवरून कॉलेजला जायचा. धनाजीला हायसं वाटलं. आपण तर गावाला मजूर केलं, मग स्वतः मजूर व्हायला कितीसा वेळ? तो तडक वीरधवलच्या दुकानात गेला.

वीरधवलनं कॉम्प्युटरवर नाव घातलं आणि डोकं खाजवलं. "शेठ, तुमी हाय की हितं. पन मालक म्हणून हाय."

"मंग मला मजूर कर."

"तुमच्या दाखल्यावर सही कुणाची?"

"माझीच की."

"म्हंजे तुमी तुमालाच कामाला ठेवलंय? कॉम्प्युटर हासंल शेठ."

"आरं, मी खरा गवंडी हाय रं!"

"तिथंच तर घोडं अडलंय," वीरधवल कळवळून म्हणाला. "खोट्याला काय काय जोडायचं ते मला पाठ हाय. खऱ्याला काय जोडायचं, ते आजवर कुणी इचारलंच न्हाई."

शेवटी धनाजी उपरणं सावरत सांगलीच्या कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी त्याचं नाव टाकलं आणि पडद्याकडं बघतच राहिल्या. "अहो, तुमच्या हाताखाली एवढी माणसं? काय बांधलंत तरी काय? धरण?"

"गोठं बांधलं. दोन-चार घरं. एक संडास."

"संडासाला तीनशे माणसं?"

बाई काही वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे बघा, तुमची तपासणी लावावीच लागेल मला. मालकाला मजूर करता येत नाही. पण घरातलं आणखी कुणी खरंच कामावर असतं का?"

"बायकू असती. माल तीच चढिवती."

"मग त्यांचं नाव द्या की! साहेब तपासणीला येतील तेव्हा त्यांना कामावर दाखवा. तुम्ही मालक म्हणून एवढंच सांगायचं, की ही माझ्याकडं कामाला आहे. जागेवर नोंद होईल. आईच्या नावावर मुलीला मदत मिळेल."

एवढं सोपं! धनाजी उडत घरी आला. मायाक्कानं ऐकलं, आणि संध्याकाळी चहात साखर जास्त पडली. समीक्षा तर आईच्या गळ्यातच पडली. "पप्पा, एकच वाक्य बोलायचंय तुमाला. पाठ करा."

पण तपासणीची बातमी गावात पोचली आणि बंगल्यावरून बोलावणं आलं. या खेपेला निरोपात 'धनाजीराव' नव्हतं.

"धन्या, सांगलीला कशापायी मेला हुतास?" सुभेदार दारातच उभे होते. सोफा आत होता, धनाजी बाहेर. "सरकार झोपल्यालं बरं, एवढी अक्कल न्हाई व्हय तुला? आता समदं गाव गोत्यात येतंय का न्हाई?"

सुभेदारांनी लढाईची आखणी केली. देवळापुढं सभामंडपाचं काम धनाजीकडंच चालू होतं. तपासणीच्या दिवशी झाडून सगळे मजूर हेल्मेट, बूट, जाकीट घालून तिथं हजर. धनाजीनं कडक इस्त्रीचे कपडे आणि उपरणं घालून मालकासारखं उभं राहायचं. "आणि तुझ्या बायकूला त्या दिवशी घरात ठेव. एवढं मजूर असताना मालकाची बायकू घमेलं उचलती म्हटल्यावर साहेबाला वास येईल."

"तेवढं जमायचं न्हाई सुभेदार," धनाजी म्हणाला. "पोरीचं काम हाय." आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं सुभेदारांना नाही म्हटलं होतं, आणि ते सांगायला तो धावतच घरी गेला.

तपासणीचा दिवस उजाडला. देवळापुढं पिवळ्या हेल्मेटांचं पीकच आलं होतं. उसाला पाणी पाजताना घालायचे बूट चिखलाचे म्हणून कुणीतरी घासून आणले होते, तर कुणाचं जाकीट बुजगावण्याच्या अंगातून ऐन वेळी उतरवलेलं, त्याला कडबा चिकटलेला. सुभेदारांनी सगळ्यांना "फॉलइन!" म्हणून तीन रांगांत उभं केलं आणि स्वतः ओळंबा हातात घेतला. तो दोरीला धरायचा सोडून त्यांनी मुठीत घट्ट आवळला होता. शालूबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. त्यांच्या घमेल्यात अर्धी वीट होती, आणि ती जड होते म्हणून त्यांनी ते घमेलं चेअरमनच्या सासूच्या मांडीवर ठेवलं होतं. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मजुरांपैकी खुर्ची त्यांना एकट्यांनाच होती.

या गर्दीत काम एकटी मायाक्का करत होती. तिनं सकाळीच माल कालवला होता, आणि कालवलेला माल काही साहेबाची वाट बघत थांबत नाही. ती डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक घमेलं चढवत होती. तोंडावर सिमेंट, केसांत सिमेंट. समीक्षा देवळाच्या कट्ट्यावर बसून बापाकडं बघत होती.

साहेब आले. तरणे होते, बोलायला गोड होते. सरळ धनाजीकडं येऊन त्यांनी हात पुढं केला. "आपणच का धनाजीशेठ? चौकातला फ्लेक्स पाहिला मी. वा! मेंढपाळ कुटुंबातून येऊन एवढा मोठा व्यवसाय उभा केलात!"

सरकारी साहेबानं धनाजीचा हात हातात घेतला होता, आणि सगळं गाव बघत होतं. सुभेदार बघत होते. आयुष्यभर पायरीवर बसवलेला माणूस त्या क्षणी गावातला सगळ्यात उंच माणूस झाला होता. साहेबांनी रांगांवरून नजर फिरवली, मान डोलावली, आणि मग त्यांचं लक्ष घमेलं घेऊन चाललेल्या मायाक्काकडं गेलं.

"आणि या कोण?"

एकच वाक्य होतं. पाठ केलेलं होतं. ही माझ्याकडं कामाला हाय. धनाजीनं तोंड उघडलं, उपरण्याचा काठ बोटांना लागला, सुभेदार खाकरले, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"शेठाणी हाय साहेब. हौस म्हणून आलीया."

सगळ्या रांगा खो खो हसल्या. साहेबही हसले. "कौतुक आहे! मालकीण असून अशी हौस!" म्हणत त्यांनी ते लिहून घेतलं आणि मायाक्काचा एक फोटोही काढला.

मायाक्कानं डोक्यावरचं घमेलं उतरवलं, माल सांडू न देता बरोबर नवऱ्याच्या पायाशी ठेवलं, चुंबळ झटकली आणि घराकडं चालू लागली. पाठोपाठ समीक्षा उठली.

"चालू द्या, काम चालू द्या," साहेब म्हणाले.

काम चालू द्यायला कुणी जागचं हलेना. एकानं दुसऱ्याकडं बघितलं, दुसऱ्यानं सुभेदारांकडं. सुभेदार ओळंबा आवळून 'सावधान'मध्ये उभे. घमेल्यातला माल सगळ्यांच्या देखत घट्ट होत गेला आणि त्याचा धोंडा झाला. साहेबांनी मात्र शिस्त उत्तम असल्याचा शेरा मारला, शालूबाईंच्या हातचे पोहे खाल्ले आणि ते निघून गेले. गाव सुटलं.

घरी मायाक्का भांडली असती तर बरं झालं असतं. बोलली ती समीक्षा. "पप्पा, माझ्यासाठी एक वाक्य जड झालं तुमाला?" धनाजीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणीसुद्धा त्यानं घरात कोबा करून बुजवून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं मायाक्काच्या नावाचा दाखला लिहिला, त्यावर शिक्का मारला आणि सांगली गाठली. बाईंनी तपासणीचा अहवाल काढून त्याच्यापुढं धरला. 'मालकाची पत्नी हौसेखातर उपस्थित होती.' त्या म्हणाल्या, "आता मी काय करू सांगा? तुमच्याच तोंडचं आहे की." तेल गेलं, तूप गेलं, आणि शेठच्या हाती त्याचा शिक्का तेवढा राहिला.

मायाक्कानं माहेरहून आणून वाढवलेली मेंढरं विकली आणि पोरीचं पहिल्या वर्षाचं भागवलं. मग गाठोडं बांधलं. तिचा भाऊ सिद्धू कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. तिथून मिरज हाकेच्या अंतरावर. निघताना ती एवढंच म्हणाली, "फुडल्या वर्षाचं मी बगते. तुमी गाव सांभाळा. मजूर लय हाईत तुमच्याकडं."

मजूर तर होतेच! धनाजी आता एकटाच माल कालवायचा, एकटाच घमेलं घेऊन परांचीवर चढायचा, आणि सवयीनं "माल!" म्हणून ओरडायचा. खाली कुणी नसायचं. मग स्वतःच उतरायचा. सभामंडप कमरेइतका होऊन तिथंच थांबला. काम का थांबलं म्हणून सुभेदार जाब विचारायला आले, तेव्हा मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

"सुभेदार, तुमी माझं मजूर. नव्वद दिस राबलाय माझ्याकडं, मी लिवून दिलंय. घ्या की घमेलं."

"धन्या, तोंड सांभाळून बोल!" सुभेदार गरजले आणि तरातरा निघून गेले. गावात हसं झालं, पण घमेलं उचलायला कुणी आलं नाही. चौकातला फ्लेक्स एव्हाना फाटला होता. बांधकाम सम्राटाचा गॉगल तेवढा शाबूत होता.

दिवाळी झाली, थंडी सरली. मग समीक्षाचा फोन आला, आईचं कामगाराचं कार्ड झालं म्हणून. कुपवाडला बाळासो नावाच्या कंत्राटदाराचं शेडचं काम चालू होतं. मायाक्का तिथं घमेली चढवत होती. बाळासोनं तिची रोजची हजेरी लावली, दाखला दिला, आणि जे नवऱ्याकडं अठरा वर्षं राबून झालं नव्हतं, ते परक्याकडं एका हंगामात झालं. पुढच्या वर्षाचा अर्जसुद्धा भरला होता. धनाजीनं फोन ठेवला. मग पिशवीत थापी आणि ओळंबा टाकला आणि मोटरसायकल काढली. शिक्का कोनाड्यातच राहिला. उपरणं मात्र सवयीनं गळ्यात आलं.

शेडच्या कामावर दुपारची गडबड होती. मायाक्का डोक्यावर घमेलं घेऊन फळीवरून चढत होती. तिनं त्याला बघितलं, पण थांबली नाही. माल वर देऊन ती खाली आली, तोवर धनाजी पायातली चप्पल काढून उगाच उभा होता.

"काम हाय का, इचारायचं हुतं," तो बाळासोला म्हणाला. "गवंडी हाय मी. हाताखाली घेतलं तरी चालंल."

बाळासोनं त्याच्या सोनेरी काठाच्या उपरण्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मायाक्काकडं वळून विचारलं, "मावशी, तुमच्या गावाकडचं दिसत्यात. ह्ये कोण?"

कामावरच्या बायका थबकल्या. मिक्सर तेवढा घरघरत होता. मायाक्कानं नवऱ्याकडं बघितलं. त्या नजरेत सगळं होतं. देवळापुढचा मंडप होता, तीन रांगा होत्या, आणि पायाशी ठेवलेलं ते घमेलंही होतं. धनाजीला कळलं की आता काय येणार, आणि ते यावंच, असंही त्याला वाटलं.

"शेठ हाईत," मायाक्का म्हणाली. "हौस म्हणून आल्यात."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाळासोला काही उमगलं नाही. त्यानं खांदे उडवले आणि भरलेल्या घमेल्याकडं बोट दाखवलं. "हौस असंल तर उचला. गवंड्याचं काय ते उद्या बगू."

धनाजी खाली वाकला. अठरा वर्षं तो वरून "माल!" म्हणून ओरडला होता. भरलेलं घमेलं गावात एकट्यानं चढवायचा तेव्हा खांद्यावर घ्यायचा. डोक्यावर घ्यायची वेळ कधी आली नव्हती. त्यानं ते दोन्ही हातांनी उचलून कसंबसं डोक्यावर ठेवलं, तशी मान कचकन दबली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"थांबा," मायाक्का म्हणाली. तिनं घमेलं उतरवून घेतलं, त्याच्या गळ्यातलं उपरणं ओढलं, पिळून गोल गुंडाळलं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. "चुंबळ घेतल्याबिगर उचलू नगा. टक्कल पडंल."

मग घमेलं तिनं परत त्याच्या डोक्यावर दिलं आणि स्वतःचं भरायला वळली. वरून कुणीतरी "माल!" म्हणून ओरडलं. धनाजी फळीवर चढू लागला.